गुडघ्यांना झेपेल असे बेट : दिवाडी

वाचकहो, वृद्ध माणसाला 'आता प्रवास नको' असे सांगणे हा आम्हा डॉक्टरांना सर्वांत सोपा वाटणारा सल्ला आहे. तो देताना फारसा विचार करावा लागत नाही, तो चुकला असे पुढे कोणी सिद्ध करू शकत नाही, आणि घरातल्या मंडळींचाही जीव भांड्यात पडतो. बिबवेवाडीतल्या माझ्या दवाखान्यात हा सल्ला मी अनेकांना दिला आहे. सलग तीन वर्षे मी तो माझ्या आईलाही दिला.

आईचे माहेर डिचोलीचे. नार्व्याचा श्रीसप्तकोटेश्वर हे तिच्या माहेरचे कुलदैवत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. लहानपणी आजीचा हात धरून ती नार्व्याच्या देवळात जाई. दर्शनानंतर आजी तिला नदीकाठी नेऊन पलीकडची झाडी दाखवी आणि सांगे, आपला देव मूळचा तिकडचा. ते 'तिकडचे' म्हणजे मांडवीच्या पात्रातले दिवाडी बेट. त्या वेळी नदी ओलांडण्याचा योग आला नाही. पुढे लग्न होऊन ती पुण्यास आली आणि संसाराच्या धबडग्यात तो विषय मागे पडला. वडील गेल्यानंतर तो पुन्हा वर आला. 'एकदा पलीकडच्या काठावर जाऊन यायचे आहे,' असे ती म्हणे, आणि मी तिला रक्तदाब, मधुमेह व दोन्ही गुडघ्यांची झीज यांची यादी वाचून दाखवी.

तिसऱ्या वर्षी ती शांतपणे म्हणाली, 'अगं, तू मला जपतेस ते खरे. पण कशासाठी जपतेस, ते एकदा सांग.'

माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याच सुमारास शेजारणींची नावे तिच्या ओठांवर येऊन अडखळू लागली होती. शरीर सांभाळण्याच्या नादात आपण जी इच्छा पुढे ढकलतो, ती पूर्ण करण्याची वेळ येईपर्यंत इच्छा करणारे मनच विझत गेलेले असू शकते, हे मला तेव्हा उमगले. फेब्रुवारीत आम्ही निघालो: ऐंशी पूर्ण केलेली आई, माझा धाकटा भाऊ आणि मी. दिवाडी बेटावर काय पाहावे आणि ते थकलेल्या पावलांनी कसे पाहावे, या दोन्ही गोष्टी आपल्याला सांगाव्यात म्हणून हा लेख.

बेटच का?

परदेशी स्थायिक झालेली मुले हल्ली आईवडिलांना कॅरिबियन समुद्रातल्या बेटांची सहल भेट देऊ पाहतात. निळे पाणी, नारळीची रांग, टेकडीवरचे पांढरे चर्च, संथ होडी अशी ती चित्रे दवाखान्यात येणारी मंडळी मला मोबाइलवर दाखवतात आणि 'डॉक्टर, आम्हाला जमेल का?' असे विचारतात. एवढा दीर्घ विमानप्रवास झेपणारे ज्येष्ठ अवश्य जावोत. मात्र त्या चित्रात जे जे आहे, त्यातले बरेचसे पुण्यापासून एका दिवसाच्या अंतरावर, आपल्या भाषेच्या माणसांत, मांडवी नदीच्या कुशीत आहे.

ज्येष्ठांसाठी लहान बेटाचा एक मोठा गुण असा, की त्याला सीमा असते. महानगर किंवा तीर्थक्षेत्र पाहताना 'एवढे आले आहोत तर आणखी तेही पाहू' हा मोह सुटत नाही. बेटावर तो आपोआप आवरला जातो. दिवाडीचा बहुतेक भाग सपाट आहे. मधोमध एक टेकडी आहे, पण तिच्या माथ्यापर्यंत मोटार जाते. पियेदाद, मळार आणि नार्वे ही येथली मुख्य गावे. गंमत म्हणजे कोकण रेल्वेचा मार्ग या बेटावरून जातो, परंतु गाडी येथे थांबत नाही. जुन्या गोव्याच्या बाजूने यायचे तर फेरीबोटीवाचून गत्यंतर नाही, आणि म्हणूनच येथे घाई पोहोचलेली नाही.

तेथवर पोहोचताना

पुण्याहून गोव्याला विमानाने सुमारे एक तास लागतो. तिकीट काढतानाच चाकांच्या खुर्चीची मागणी नोंदवावी; त्यात संकोच बाळगू नये, विमानतळावरचे लांब चालणे वाचते. रेल्वेने जायचे असल्यास दिल्लीहून येणारी गोवा एक्सप्रेस पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा या मार्गाने मडगावला नेते. खालचा बर्थ मिळाल्याची खात्री करूनच निघावे. मोटारीने आंबोलीमार्गे अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर आहे. आम्ही मोटारीने गेलो, पण एका दमात नाही. कोल्हापूरला एक मुक्काम केला. तरुणांना तो मुक्काम वायफळ वाटेल. ऐंशीच्या पाठीच्या कण्याला तो आवश्यक असतो.

दीर्घकाळ बसून राहिल्याने पोटरीच्या शिरांत रक्त साकळण्याची भीती वयाबरोबर वाढते. म्हणून दर तास-दीड तासाने खाली उतरून शंभर पावले चालावे. बसल्या जागी टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, अशी हालचाल करावी. एका पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखू लागली किंवा धाप लागली, तर ते थकव्याचे लक्षण मानून झोपी जाऊ नये, डॉक्टर गाठावा. आंबोलीच्या वळणांवर ज्यांना गरगरते त्यांनी पुढच्या आसनावर बसावे आणि घाटाआधी हलके खाऊन घ्यावे. लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी परस्पर बंद करणारे पुष्कळ रुग्ण मी पाहिले आहेत. असे करू नये. तिची वेळ बदलता येते का, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे.

मुक्काम कोठे करावा? बेटावर राहण्याची सोय होते आणि तेथली रात्र शांत असते. तथापि हृदयविकार, दमा किंवा वारंवार पडण्याचा इतिहास असलेल्यांनी पणजी किंवा जुन्या गोव्याच्या बाजूस राहावे. मध्यरात्री छातीत दुखू लागले, तर मध्ये नदी असणे परवडत नाही. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय त्या बाजूस मोटारीच्या टप्प्यात आहे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गोव्यातही आहे. या महाविद्यालयाचा वारसा १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेकडे जातो. आशियातल्या जुन्या वैद्यकीय शिक्षणसंस्थांत तिची गणना होते.

पहिला दिवस आणि माझी चूक

दिवाडीला जाण्याचा सोयीचा धक्का जुन्या गोव्यात आहे, म्हणून पहिला दिवस आम्ही त्या नगरीसाठी ठेवला. आज हिरवळीत विखुरलेल्या मोजक्या भव्य चर्चेस एवढेच तिचे रूप उरले असले, तरी सोळाव्या शतकात ही पूर्वेकडच्या पोर्तुगीज सत्तेची गजबजलेली राजधानी होती. गार्सिया द ओर्ता हा वैद्य येथेच राहिला आणि भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली येथेच छापला गेला. पुढे हिवताप, पटकी अशा साथींनी ही नगरी पोखरली, लोक पांगले आणि कारभार पणजीकडे सरकला. इतके ऐश्वर्य असलेले शहर आजारांपुढे टिकले नाही, ही गोष्ट तेथे उभे राहिल्यावर माझ्यासारख्या डॉक्टरला अंतर्मुख करते.

बॉम जेझूचे चर्च ज्येष्ठांसाठी सोयीचे आहे. सगळे काही जमिनीच्या पातळीवर, आत गारवा आणि बसायला बाके. १५५२ साली निवर्तलेल्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष येथे चांदीच्या पेटीत आहेत. दर दहा वर्षांनी होणाऱ्या दर्शनसोहळ्याच्या काळात येथे अपार गर्दी लोटते. गर्दी न सोसणाऱ्यांनी तो काळ टाळावा.

येथपर्यंत सारे सुरळीत झाले. मग मला मोह झाला. समोरच सी कॅथेड्रल, त्याच्या शेजारी पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय. आईला तेही दाखवावे असे मी ठरवले. ऊन चढले होते, साडेअकरा वाजून गेले होते. संग्रहालयातून बाहेर पडताना आईने अचानक माझा दंड घट्ट धरला. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि तळवे ओले लागत होते. तिला सावलीत आडवे केले, पाय पिशवीवर उंच ठेवले. भावाने यंत्रावर साखर तपासली. ती ठीक होती. नाडी मात्र जलद चालली होती आणि रक्तदाब नेहमीपेक्षा बराच खाली होता.

'सकाळपासून पाणी किती प्यायलीस?' असे मी विचारले. ती गप्प राहिली. मग ओशाळून म्हणाली, 'अर्धा कप चहा. मध्येच लागली तर तुमची धावपळ नको.'

वाचकहो, पस्तिशीपासून मी या व्यवसायात वृद्धांनाच अधिक पाहत आले आहे, आणि माझ्या स्वतःच्या आईने सकाळची रक्तदाबाची गोळी घेऊन सहा तास पाण्याचा थेंब घेतला नव्हता, हे मला कळले नव्हते. वयाबरोबर तहानेची जाणीवच मंदावते. त्यात शौचालयाच्या भीतीने माणूस जाणीवपूर्वक पाणी टाळतो. परिणामी उभे राहताच रक्तदाब घसरणे, तोल जाणे, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, कधी कधी मनाचा गोंधळ हे सारे ओढवते. आपल्याकडे प्रवासात पडून खुब्याचे हाड मोडलेल्या कित्येक वृद्धांच्या हकिगतीचा आरंभ मला पाण्याच्या न प्यायलेल्या पेल्यात सापडतो.

क्षार-साखरेच्या पाण्याचे घोट देत अर्ध्या तासाने ती सावरली. आम्ही थेट मुक्कामावर परतलो आणि उरलेला दिवस झोप, पेज आणि गप्पा यांत घालवला. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी दुसऱ्या दिवसाचा नवा आराखडा केला. त्यात आधी शौचालये लिहिली आणि मग प्रेक्षणीय स्थळे. दर तासाला अर्धा पेला पाणी ठरले. आवश्यकता वाटल्यास घालावयाची शोषक चड्डी पिशवीत ठेवली आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोललो. आईच्या मनावरचा ताण हलका झाल्याचे तिच्या चेहऱ्यावर दिसले. आपणही हा प्रश्न आपल्या आईवडिलांना थेट विचारा. तो विचारला जावा याची ते वाट पाहत असतात. हृदय दुर्बल असलेल्यांना किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पाण्याची मर्यादा सांगितलेली असते; त्यांनी प्रवासातले प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

फेरीबोटीवर पाऊल ठेवताना

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरच आम्ही धक्क्यावर होतो. धक्क्याकडे जाणारा रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीखालून जातो. तिच्यावर वास्को द गामाचा पुतळा आहे. नदी ओलांडायला काही मिनिटेच लागतात, परंतु वृद्धांच्या दृष्टीने साऱ्या सहलीतली जोखमीची जागा हीच. धक्का पाण्याकडे उतरता असतो, भरती-ओहोटीमुळे त्याचा खालचा भाग ओला राहतो आणि ओल्या दगडावर शेवाळ धरते. म्हणून काही पथ्ये सांगते.

मोटारी आणि दुचाकी चढून स्थिर होईपर्यंत कडेला थांबावे. काठीच्या टोकाचे रबर झिजलेले नाही ना, हे पुण्यातच पाहून घ्यावे. पायांत पट्ट्याच्या, मागून बंद असलेल्या चपला असाव्यात. सोबत्याने वृद्धाला ओढू नये. आपला हात पुढे करावा आणि तो त्यांना धरू द्यावा. उतारावर सोबती अर्धे पाऊल पुढे, पाण्याच्या बाजूस असावा. बोटीत बाकावर बसून घ्यावे. बोट पलीकडच्या धक्क्याला टेकते तेव्हा लहानसा हिसका बसतो. नेमके तेव्हाच सगळे उठलेले असतात. आपण शेवटी उठावे.

हे सारे सांभाळून एकदा बसलात, की मग मागे वळून पाहा. नारळींच्या शेंड्यांवरून जुन्या गोव्याचे मनोरे आणि घुमट डोके वर काढून उभे असतात. नदीवरचा गार वारा अंगावर येतो. आईने पदर सावरत विचारले, 'एवढीशीच नदी?' ऐंशी वर्षांत न ओलांडलेली नदी चार-पाच मिनिटांत मागे पडली होती.

बेटावर काय पाहाल?

सकाळच्या वेळी टेकडीवरच्या पियेदादच्या चर्चला जावे. सध्याची वास्तू अठराव्या शतकाच्या आरंभीची असून आंतोनियु जुआंव द फ्रियास या गोमंतकीय धर्मगुरूच्या देखरेखीखाली ती उभी राहिली. अंगणातून मांडवीचे पात्र, खारफुटीचा हिरवा पट्टा आणि पलीकडचे जुने गोवे असा विस्तीर्ण देखावा दिसतो. त्यासाठी एकही कष्टाची पायरी चढावी लागत नाही. शेजारच्या दफनभूमीत एक लहान प्रार्थनाघर आहे. कदंबकालीन मंदिराच्या कोरीव कामाचे अवशेष त्यात टिकून आहेत. या टेकडीवर पूर्वी गणपतीचे देऊळ होते असे सांगतात. ती मूर्ती स्थलांतर करीत अखेर खांडोळ्याला स्थिरावली. एकाच अंगणात दोन श्रद्धांचे थर असे शांतपणे पहुडलेले असतात.

टेकडी उतरल्यावर गावातून सावकाश फिरावे. शिंपल्यांच्या झडपांच्या खिडक्या असलेली जुनी घरे, पुढे बसायला दगडी बाके असलेले ओटे, सायकलवर भोंपू वाजवत जाणारा पदेर. त्याच्याकडची ताजी पोई विकत घ्यावी. मैद्याच्या पावापेक्षा कोंडा असलेली पोई मधुमेहींना बरी, अर्थात एकच. दहा-अकराच्या सुमारास भाताची पेज घेण्याची गोमंतकीय चाल ज्येष्ठांसाठी मला फार शहाणपणाची वाटते. पाणी, मीठ आणि हलका आहार हे तिन्ही ऐन उन्हाच्या आधी पोटात जातात. मीठ वर्ज्य असलेल्यांनी ती अळणी घ्यावी आणि सोबतचे लोणचे व खारे मासे दुरून पाहावेत.

गावाबाहेर खाजन जमिनी पसरलेल्या आहेत. खाऱ्या पाण्याला बांध घालून आणि 'मानस' नावाच्या दारांनी भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर करून ही शेते राखली जातात. भरतीच्या रेट्याने मानसीचे दार आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते. खारटपणा सोसणारा कोरगुट भात या जमिनींत पिकत आला आहे. बांधावर चालायला जाऊ नका, तोल सांभाळत नाही. रस्त्याच्या कडेला मोटार थांबवून, घडीची खुर्ची टाकून बसा. बगळे, खंड्या, ढोकरी ही मंडळी आपल्याला भेटायला येतात. पक्ष्यांची विशेष आवड असल्यास रायबंदरहून फेरीने शेजारच्या चोडण बेटावर जाऊन डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य पाहता येते. ते दुसऱ्या एखाद्या दिवसासाठी ठेवावे.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेराचा उत्सव असतो. पोर्तुगीज अमदानीत हद्दीचे तंटे मिटवण्यासाठी निशाणे रोवत आणि गावकरी ती दगडांनी पाडत, अशी त्यामागची कथा. आता रंगीत निशाणांची मिरवणूक निघते आणि बांबूच्या खेळण्यातल्या बंदुकांतून फळांच्या गोळ्या उडतात. दृश्य रम्य आहे, परंतु पाऊस, निसरडा धक्का आणि गर्दी या तिन्ही गोष्टी वृद्धांच्या विरुद्ध जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी सात ते साडेदहा आणि दुपारी साडेचारनंतर बाहेर राहावे, मधला वेळ विश्रांतीला द्यावा.

कोटितीर्थाच्या काठी

त्या दिवशी दुपारची विश्रांती आम्ही एका ओळखीच्यांच्या घरी घेतली आणि ऊन उतरल्यावर बेटाच्या नार्वे गावाकडे निघालो. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान येथे होते. कदंब राजांचे हे आराध्यदैवत. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत देऊळ मोडले, विजयनगरच्या अमदानीत माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले. भक्तांनी लिंग नदीपार डिचोलीच्या बाजूस नेले. बेटावर उरले ते कोटितीर्थ नावाचे तळे आणि काही दगड.

तळ्याच्या पायऱ्या जुन्या आणि असमान आहेत. आई काठावर उभी राहून खाली पाहू लागली, तेव्हा मी घाबरले. ती म्हणाली, 'नाही उतरत. येथवर आले, पुष्कळ झाले.' भावाने सावलीत खुर्ची टाकली. तिने हात जोडले आणि कितीतरी वेळ बसून राहिली. मग ती बोलू लागली. आजीचे नऊवारी, देवळाच्या वाटेवरचे आवळ्याचे झाड, गोकुळाष्टमीला पंचगंगेच्या स्नानासाठी जमणारी यात्रा, बरोबर येणाऱ्या मैत्रिणी. त्यांची नावे एकामागून एक आली, न अडखळता. जुन्या आठवणी बऱ्याचदा सर्वांत शेवटी जातात, हे वैद्यकशास्त्र मला ठाऊक होते. त्यासाठी आईला योग्य जागी नेऊन बसवावे लागते, हे ठाऊक नव्हते. तिच्या विस्मरणावर हा उपाय नव्हे. पुण्यास परतल्यावर शेजारणींची नावे पूर्ववत अडखळतात. पण तो अर्धा तास आमच्या तिघांच्या नावावर जमा झाला.

तेथून जवळच्या धक्क्यावरून फेरीने नदी ओलांडली की आपण डिचोलीच्या बाजूच्या नार्व्यास पोहोचतो. आजी ज्या काठावरून बेट दाखवी, त्या काठावर आई या वेळी बेटाकडून आली. तेथले सप्तकोटेश्वराचे मंदिर झाडीत, एकांतात आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६८ मध्ये त्याच्या जीर्णोद्धाराचा आरंभ करविला. तसा शिलालेख तेथे आहे. अलीकडे राज्य शासनाने केलेल्या जतनाच्या कामानंतर २०२३ साली ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. गाभाऱ्यातले धारालिंग पाहून आईने एवढेच म्हटले, 'दोन्ही काठ झाले.'

निघण्यापूर्वी आणि सोबत्यांसाठी

प्रवासाआधी दोन आठवडे डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. नुकताच हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात येऊन गेला असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा औषधांचे प्रमाण अजून बसायचे असेल, तर सहल पुढे ढकलावी. पण ती कोणत्या महिन्यात करायची हे त्याच भेटीत ठरवावे. औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवस अधिक घ्यावीत आणि दोन पिशव्यांत विभागावीत. आजार, औषधे, वावडी आणि नातेवाइकांचे फोन क्रमांक लिहिलेला एक कागद ज्येष्ठांच्या खिशात असावा. इन्सुलिन उभ्या मोटारीत ठेवू नये आणि बर्फालाही चिकटवू नये. मधुमेहींजवळ साखरेच्या पुड्या हव्यात. विस्मरण असलेल्यांना अनोळखी खोलीत रात्री गोंधळायला होते. मुक्काम एकच ठेवावा, घरची चादर न्यावी आणि शौचालयाच्या वाटेवर मंद दिवा राहू द्यावा.

सोबत्यांनो, आपल्यालाही एक सांगणे आहे. रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्याने एकट्याने अशी सहल अंगावर घेऊ नये. भाऊ सोबत नसता, तर पहिल्या दिवशीच्या प्रसंगात मी, डॉक्टर असूनही, भांबावले असते. दोघे असाल तर एकाने दुपारी तासभर नदीकाठी एकटेच बसून यावे. तोही सहलीचाच भाग समजावा.

आता दवाखान्यात वृद्ध रुग्ण आले, की मी रक्तदाब मोजून झाल्यावर एक प्रश्न विचारते: 'कोठे जायचे राहिले आहे?' उत्तरे लहान असतात. कोणाला माहेरचे तळे पाहायचे असते, कोणाला पहिल्या नोकरीचे गाव, कोणाला फक्त समुद्र. ते उत्तर मी केसपेपरवर औषधांच्या खाली लिहून ठेवते, आणि पुढच्या भेटीत रक्तदाबाबरोबर त्याचीही चौकशी करते.